वरच्या गावचे पाहुणे

हेडफोनवरचा काळा स्पंज कडेने झिजत चालला होता आणि बोलता बोलता त्याचा एकेक कण नखाने सुटा करायची तिच्या बोटांना सवय लागली होती – आताही काचेच्या खिडकीशी त्या कणांची एक बारीक रांग पडली होती, मेलेल्या मुंग्यांसारखी, आणि कानात कुणी बाई विचारत होती की भावाला खालच्या वॉर्डातून वर का हलवलं, वर म्हणजे आम्ही काय समजायचं, बरं की वाईट... आणि तिचं तोंड आपोआप म्हणत होतं, तुम्ही काळजी करू नका हं, लाइनवर थांबा, मी विचारून सांगते.

वर म्हणजे वाईट. या इस्पितळात वर म्हणजे वाईटच. पण ते चौकशीच्या खिडकीतून सांगायचं नसतं. मरण तर नाहीच नाही. 'तुम्ही या, डॉक्टर बोलतील,' एवढंच म्हणायचं... इतक्या वर्षांत किती जणांना आपण हे म्हटलं असेल, आणि त्यातल्या किती जणांना त्या 'या'मध्येच सगळं कळलं असेल!

हा आवाज तिने कमावलेला होता. नोकरीला लागली तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या जुन्या ऑपरेटरबाईंनी शिकवलं होतं – बोलताना ओठ ताणायचे, हसल्यासारखे. हसू दिसत नाही, पण ऐकू येतं. घरी मुलगा लहान होता, तापाने फणफणला की तोही हाच आवाज मागायचा. 'आई, फोनवाली हो ना.' मग ती मूठ कानाशी धरायची – 'नमस्कार, बोला. काय त्रास होतोय आपल्याला?' – आणि तो उशीत तोंड खुपसून खुसखुसायचा, 'पेशंटला ना, शाळेत जायचं नाहीये.' ते 'आपल्याला' त्याला फार आवडायचं. एवढ्याशा जिवाला कुणी अहोजाहो करतंय याचीच मजा...

"केलात का फोन?"

एक्स-रे विभागातली मैत्रीण खिडकीच्या फटीपाशी वाकली होती. मैत्रीण म्हणजे काय, कँटीनमधल्या चहापुरती.

"नाही अजून. दुपारी करते."

"अहो, करून टाका. मोजकीच माणसं घेतात ते. आणि मी सांगते, परत आलात की माझं नाव काढाल. मोटार नाही, भोंगा नाही, नुसती झाडं. पण आपला कचरा आपणच परत आणायचा हं! आमच्या ह्यांनी बिस्किटाचे कागद खिशात घालून थेट घरापर्यंत आणले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही!"

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून, आणि जरा खरंचही. एक्स-रेवाली गेली आणि मग पुन्हा ते फोटो डोळ्यांपुढे आले – आले कसले, ते तिथेच असत. बाकीचं सगळं त्यांच्यावरून जात असे.

कँटीनमध्ये मोबाइल पुढे धरून एक्स-रेवाली एकेक फोटो सरकवत होती. डोंगरातलं ते लहानसं गाव. एके काळी म्हणे सगळा डोंगर बोडका झाला होता, मग गावानेच झाडं लावली, जगवली, आणि आता येईल त्या पाहुण्याला आपल्या घरात ठेवून घेतात, त्यांच्यात जेवायचं, त्यांच्यात राहायचं, सकाळी त्यांच्याबरोबर रानात जायचं... ती हं हं करत बघत होती. आणि एका फोटोत, मागे, चुकून आल्यासारखा, डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेला एक दाढीवाला तरुण. हसणारा. तिने फोटो सरकवू दिला. पुढच्या फोटोत तोच, आणि त्याच्या पाठीवर एक म्हातारी.

"ह्या आमच्या सासूबाई! अर्ध्या वाटेत बसल्या की खाली, मला इथंच सोडा म्हणाल्या. तर ह्या मुलाने चक्क पाठुंगळी घेतलं त्यांना. वर गप्पा मारत! सगळे दादा म्हणतात त्याला. मूळचा तिथला नाही, पण आता त्यांच्यातलाच झालाय. बुकिंगही तोच बघतो. आईबापांनी काय वळण लावलं असेल नाही?"

"हो ना," ती म्हणाली होती, आणि चहा संपवला होता.

दादा. ना भाऊ ना बहीण, जन्मात आपल्या मुलाला कुणी दादा म्हटलं नव्हतं. आपण म्हणायला हवं होतं का कधी?

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लोकांच्या घरात होतात तशी – आदळआपट, अबोला, मामाने मध्ये पडणं. भांडणाला एक टोक असतं, ते धरून मागे जाता येतं. इथे धरायला काहीच नव्हतं. शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, आठवड्याला फोन करायचा तो पंधरवड्याला करू लागला, मग सणावारी. बोलायचा ते हवेचं, जेवणाचं. शेवटचा आला तेव्हा दोन दिवस राहिला. स्वतःचा कप स्वतः विसळला, जाताना अंथरूण अशी घडी घालून ठेवलं की कुणी झोपलं होतं असं वाटू नये. तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं – शहाणा झाला हो! मग नंबर लागेनासा झाला. ऑफिसात विचारलं, तर नोकरी सोडून गेला म्हणाले. धावाधाव केली, दोघंही पोलिसांत जाऊन आली, आणि मग एका दुपारी घरी फोन आला. तो ह्यांनी उचलला. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली आली तर हे खुर्चीत बसलेले, रिसीव्हर जागेवर. 'मी बरा आहे, मला शोधू नका, म्हणाला.' अजून काय म्हणाला? 'एवढंच.' मग तुम्ही काय म्हणालात? 'बरं म्हटलं.'

बरं म्हटलं! बाप आपल्या मुलाला बरं म्हणतो... पण त्याबद्दल मी ह्यांना कधी बोलले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले, एका रेघेची चूक होऊ दिली नाही, त्याला त्या वेळी दुसरा शब्द सापडला नाही, एवढंच. मी उचलला असता तर? रडले असते. आणि त्याने ठेवून दिला असता. पण निदान ऐकला असता. आवाज.

म्हणून तर हे असं. आई म्हणून फोन केला तर तो नंबर बदलेल. उद्या गावही बदलेल. पाहुणी म्हणून केला तर? पाहुण्याला तो नाही म्हणत नाही. पाहुण्याला तो पाठीवर घेतो. तिने ह्यांना एवढंच सांगितलं होतं की एक्स-रेवाली जाऊन आली ते गाव चांगलं आहे, चार दिवस हवापालट करून येऊ. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले होते, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगीच? माझा गुडघा बघितलास का?" आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपणच म्हणाले, "पक्षी असतील ना गं तिथं?" मग तिथे कोण आहे ते ती बोलली नाही. आधी बोलायला हवं होतं, पण ते 'पक्षी असतील ना' असं काही विचारलं ह्यांनी... कितीतरी काळात ह्या माणसाने कशाबद्दल 'असेल ना' असं विचारलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या जिन्यावर गेली. तिथे धुतलेल्या चादरींची गाडी उभी असते, आणि कुणी फारसं येत नाही. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आम्हाला दोघांना यायचं आहे. जागा आहे का. कधी येऊ. एवढं झालं की ठेवायचा. ओठ ताणायचे... नको, ओठ ताणले तर ओळखेल. न ताणले तरी ओळखेल. घंटा वाजत राहिली आणि तिला वाटलं, नको उचलूस. उचलू नकोस रे...

"नमस्कार, बोला."

हसू. ते दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. तिने कठडा धरला.

"आम्हाला... तिकडे यायचं होतं. दोघांना."

"या ना, काकू. आमचं कुणाकडून कळलं?"

काकू.

"आमच्या ओळखीच्या एक बाई येऊन गेल्या. त्यांच्या सासूबाईंना तुम्ही पाठीवर घेतलंत."

"हां हां, त्या आजी! बऱ्या आहेत ना? त्यांना सांगा, त्यांनी लावलेलं रोप धरलंय. नवी पानं आलीत."

तुम्ही. घेतलंत. इतक्या सहज निघालं तोंडातून! पोटच्या पोराला आपण तुम्ही म्हणतो आहोत आणि जिन्याला काही होत नाही, चादरींची गाडी आहे तिथेच आहे.

"काकू, येतंय ना ऐकू? इथे रेंज जाते मधूनच."

"हो, बोला तुम्ही."

"कुणाच्या नावावर लिहू?"

तिने माहेरचं आडनाव सांगितलं. तिकडे वारा असावा, पत्र्यासारखं काहीतरी थडथडत होतं, लांब कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. मग तो म्हणाला, "बरं. लिहिलं." आणि पुन्हा त्याच आवाजात, "वरपर्यंत गाडी येत नाही, माहीत आहे ना? खालच्या थांब्यापासून चालायचं. मी येईन खाली घ्यायला. कुणाला काही त्रास आहे का – दमा, साखर, गुडघे?"

"ह्यांना गुडघ्याचा त्रास आहे."

"हरकत नाही. बरोबर काठी आणा. उजव्या हातात धरायला सांगा त्यांना, डाव्या पायावर भार यायला नको. आणि काकांना म्हणावं, घाई करायची नाही. घाई करतात माणसं. दमलो हे दाखवायचं नसतं ना."

"हो," ती म्हणाली. "करतात खरी."

"साबण आणू नका, इथला देतो आम्ही, पाण्याला बाधत नाही. गरम कपडे मात्र आणा, पहाटे बोचतं. बाकी तुम्ही काळजी करू नका, काकू. आम्ही आहोत ना."

फोन बंद झाल्यावर ती तशीच उभी राहिली आणि तिला आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. अगदी निर्लज्जपणे बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, काळजी करू नका. सगळ्या जगाला हे म्हणत आली होती ती, आणि तिला म्हणणारं... मग हळूहळू, पायात मुंग्या येतात तसं, बाकीचं येऊ लागलं. हे त्याने तिला म्हटलं नव्हतं. एका काकूला म्हटलं होतं. कालही कुणाला म्हटलं असेल, उद्याही म्हणेल. घरात जे एवढंसंही उरलं नव्हतं – शेवटच्या दोन दिवसांत तर चहा हवा का विचारलं तरी 'चालेल' म्हणायचा, हवा नाही, नको नाही – ते तिथे वाटेवर सांडत होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने ओंजळ धरावी! मी कुठे कमी पडले असं नाही विचारायचं मला. ते विचारून झालं, उत्तरं संपली. मला एवढंच विचारायचं आहे की हे एवढं तुझ्याकडे होतं, तर ते होतं कुठे?

दुपारनंतर खिडकीशी एक माणूस आला, पन्नाशीचा, हातात औषधांची पिशवी. त्याची बायको आत होती. "बाई, ती होईल ना बरी?" एवढंच म्हणाला. रोज कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्याला रोजचं उत्तर आहे. तिने ओठ ताणले, आणि ते 'काळजी करू नका' आलंच नाही.

"मला नाही हो सांगता येणार," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. चिडला नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला तो, तिची सुट्टी होईपर्यंत तिथेच होता. निघताना तिला त्याच्यापुढून जावं लागलं, आणि तिने पर्स उघडून उगीचच काहीतरी शोधलं.

घराचं दार लोटलेलंच होतं. आत माळ्यावरचं सामान खाली आलेलं, आणि सामानाच्या मधोमध हे – जमिनीवर पाय पसरून, मांडीवर सॅक. मुलाची कॉलेजातली सॅक. पट्टा तुटला म्हणून माळ्यावर टाकलेली. हे दाभणात जाड दोरा ओवत होते आणि चष्मा कपाळावर गेला होता.

"झालं बुकिंग?"

"झालं."

"शाब्बास. हे बघ, दुर्बीण सापडली. बुरशी धरली होती काचेला, पुसली. आता पलीकडच्या गच्चीवरची बाई काय निवडतेय ते दिसतं."

"बघत बसा बायकांना."

"पक्षी नसले तर सोय नको का?" हे हसले. खरोखर हसले, वरचे दात दिसले. तिला आठवेना हे दात शेवटचे कधी दिसले होते. "वर न्यायला कोण येणार आहे?"

"एक मुलगा येईल."

"विश्वासाचा आहे ना? नाहीतर अर्ध्या वाटेत ठेवून जायचा आपल्याला."

"आवाजावरून तरी वाटला," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. आता सांगायला हवं. हीच वेळ. तो दोरा ओवून होईल आणि ह्यांचे हात मोकळे होतील त्या क्षणी सांगायचं, अहो ऐका, तिथे... आणि मग? हे सॅक खाली ठेवतील. दुर्बीण तिच्या डबीत घालतील. बरं म्हणतील. आणि कदाचित येणारच नाहीत – शोधू नका म्हणालाय तो, असं म्हणतील, दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस हा. नाही सांगितलं तर? तर खालच्या थांब्यावर, सगळ्यांदेखत, सामान उतरवता उतरवता... तिने नळ बंद केला. मग पुन्हा सोडला. भांडं कधीच भरून वाहत होतं.

"काठी घ्यायला सांगितलंय त्याने," ती तिथूनच म्हणाली. "उजव्या हातात धरायची."

"उजव्या?" बाहेरून काही हलल्याचा आवाज आला, हे उठत असावेत, हात टेकून, नेहमीसारखे कण्हत. "मी आपला दुखतं त्या बाजूला धरायला जातो नेहमी. पण बरोबर आहे त्याचं. डावा गुडघा दुखतो म्हणजे काठी उजव्या हातात. डॉक्टरही तेव्हा तेच म्हणाले होते. हुशार दिसतोय पोरगा. तू सांगितलंस वाटतं त्याला, डावा म्हणून?"

पाणी वाहत होतं.

डाव्या पायावर भार यायला नको. म्हणाला होता. असंच म्हणाला होता, शब्द न् शब्द. आणि मी? गुडघ्याचा त्रास आहे. ह्यांना गुडघ्याचा त्रास आहे, एवढंच. कुठला ते मी... पुन्हा एकदा तिने सगळं कानाशी आणलं, जिना, चादरी, पत्र्याची थडथड – कुठला ते ती बोललीच नव्हती. ह्यांचा पाय शिडीवरून घसरला तेव्हा तो बारावीत होता. खांद्याचा आधार देऊन त्यानेच रिक्षापर्यंत नेलं होतं.

"अगं, सांगितलंस ना?"

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

म्हणजे कळलं होतं त्याला. आडनावाने कळलं, की त्याच्याही आधी, पहिल्या शब्दाला? आणि कळल्यावर तो काकू म्हणाला. एकदा नाही, पुनःपुन्हा. बापाला काका म्हणाला. घाई करू देऊ नका म्हणाला – हे तो काकूला सांगत होता की... दार उघडून दिलं होतं त्याने? या, पण अशा या, एवढ्याच या? की दार कुठे आहे ते दाखवलं आणि कडी आतून घातली? ती सिंकला टेकून उभी राहिली. सकाळपर्यंत तिला भीती होती की तो आपल्याला बघून निघून जाईल. आता कळलं, तो जाणार नाही. येईल खाली थांब्यावर. हसेल. सामान घेईल. ह्यांना हात देईल, लागलं तर पाठीवर घेईल, ऊन पाणी देईल आंघोळीला, पहाटे उठवून पक्षी दाखवेल. काही म्हणता काही कमी करणार नाही. तो इतका चांगला वागेल आपल्याशी! आणि चार दिवसांनी त्याच थांब्यावर आणून सोडेल, आणि म्हणेल, पुन्हा या.

बाहेर हे छत्री उजव्या हातात धरून खोलीत फेरी मारत होते. टक्, पाऊल; टक्, पाऊल.

"जमतंय की," म्हणाले. "ए, ऐक. त्या मुलासाठी काहीतरी न्यायला हवं आपण. एवढा खाली उतरून येणार, माझ्यासारखं ओझं वर न्यायचं. रिकाम्या हाताने बरं दिसत नाही."

"हो."

"काय नेऊ या? ह्या वयाच्या मुलांना काय आवडतं?"

ती दारात आली. हे थांबून तिच्याकडे बघत होते, छत्रीवर भार टाकून, चेहऱ्यावर ती नवी उत्सुकता. तिने आठवायला घेतलं. बिनबाह्यांचा निळा स्वेटर – तो कितीचा होता तेव्हा, सहावीत. पेरूच्या फोडी, मीठ लावून. पण त्या खरंच आवडायच्या, की ती कापून द्यायची म्हणून खायचा? कॅरमचा स्ट्रायकर. बुटांचं दुकान दिसलं की थांबायचा, ते कुठल्या वर्षी... ती एकेक उचलून बघत होती आणि ठेवून देत होती. दाढी वाढवलेला, डोक्यावर भारा घेतलेला, कुणाच्याही आजीला पाठीवर घेऊन गोष्टी सांगणारा तो माणूस – तो काय खातो, कशाने खूश होतो, पहाटेच्या त्या बोचऱ्या थंडीत काय पांघरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं. आणि इतका काळ छातीशी धरलेला तो 'का गेलास' कुठे हातातून सुटला ते तिला कळलं नाही. त्याच्या जागी हे एवढंच उरलं, साधं, कुणीही कुणाबद्दल विचारावं असं, आणि त्याने तिला त्याहून जास्त भीती वाटली.

"सांग ना," हे म्हणाले. "काय आवडेल त्याला?"